रथाच्या खुणा

नागपूरहून वर्ध्याकडे येताना वाटेत केळझर हे गाव लागते. टेकडीवरील सिद्धिविनायकामुळे विदर्भातील भाविकांस ते ठाऊक आहे. परंतु गावाचा जुना अभिमान त्याहून निराळा आहे. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे तेथे परंपरेने मानतात. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे देशात इतरही आहेत, तेव्हा स्थळाचा तो निवाडा पंडितांवर सोपवून आपण कथेकडेच वळू. लाक्षागृहातून निसटलेले पांडव एकचक्रेत ब्राह्मणवेषाने राहिले, भिक्षेवर जगले, आणि बकासुराची पाळी यजमानाच्या घरी आली तेव्हा कुंतीने भीमाला पुढे केले. एवढे आपणा सर्वांस माहीत असते. पण त्या प्रसंगी कुंतीने यजमानास घातलेली अट सहसा कोणाच्या ध्यानात राहात नाही. माझ्या मुलापाशी विद्या आहे हे कोणास सांगू नका, असे ती म्हणते. लोक कुतूहलाने ती शिकावयास येतील, आणि गुरूच्या अनुज्ञेवाचून दिलेली विद्या कामास येत नाही.

कुंतीची ही अट जगातील बहुतेक सर्व गुह्यविद्यांची अट आहे. जे आत सापडले ते झाकून ठेवावे की वाटून टाकावे, हा प्रश्न प्रत्येक साधनामार्गापुढे केव्हा ना केव्हा उभा राहातो. ज्यू लोकांच्या ध्यानपरंपरेचा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाशी दोन अडीच हजार वर्षे चाललेली झुंज होय. आणि ह्या झुंजीचे काही प्रसंग आपल्याच महाराष्ट्रात, कोकणच्या किनाऱ्यावर, पुण्याच्या छापखान्यात आणि केळझरपासून फारशा दूर नसलेल्या सेवाग्रामात घडलेले असल्यामुळे मराठी वाचकाने तो इतिहास परका मानण्याचे कारण नाही.

ह्या गूढमार्गाचे प्रसिद्ध नाव कब्बाला. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ ‘स्वीकारलेले’, म्हणजे आधीच्या पिढीकडून हाती आलेले. आपला ‘संप्रदाय’ हा शब्द देण्याच्या क्रियेवरून बनला आहे. त्यांचा शब्द घेण्याच्या क्रियेवरून. देणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर संप्रदाय, घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर कब्बाला. मात्र कब्बाला हे नाव रूढ होण्याच्या कितीतरी आधी ह्या मार्गाचा आरंभ झालेला होता. तो झाला एका रथाच्या दर्शनाने.

इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी यरुशलेमहून बाबिलोनियात पकडून नेलेल्या लोकांत यहेज्केल नावाचा एक पुरोहित होता. खबार नदीच्या काठी त्याला उत्तरेकडून येणारे वादळ दिसले. त्यात चार मुखांचे चार प्राणी, त्यांच्याजवळ चाकात बसवलेले चाक, चाकांच्या धावांवर डोळेच डोळे, आणि ह्या सर्वांवर एक सिंहासन. ह्या दर्शनाचा पहिला अर्थ अगदी सरळ आहे. मंदिर मागे राहिले, देश मागे राहिला, तरी देवाचे आसन चाकांवर चढून हद्दपार लोकांच्या मागोमाग आले. पुढील साधकांनी ह्या रथालाच, हिब्रूतील ‘मर्काव्हा’लाच, आपल्या ध्यानाचा विषय केला.

आणि लगोलग कुंपणही घातले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ ह्या धर्मसंहितेत असा दंडक आहे की, रथाचे रहस्य एका शिष्यापुढेही उलगडू नये. शिष्य स्वतःच्या बुद्धीने समजून घेणारा असेल तरच त्याला अपवाद. असे का, ह्याचे उत्तर ‘तालमूद’मधील एका छोट्या कथेत आहे. चार विद्वान एका बागेत शिरले. पहिल्याने पाहिले आणि तो मेला. दुसऱ्याने पाहिले आणि त्याची बुद्धी ढळली. तिसऱ्याने तेथील रोपे छाटली, म्हणजे तो धर्मभ्रष्ट झाला. चौथा, रब्बी अकिवा, तेवढा सुखरूप बाहेर आला. आपल्याकडील हठयोगाच्या गुरूंनी शिष्यास दिलेले इशारे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांस ह्या कथेतील भय अनोळखी वाटणार नाही.

ह्या साधकांच्या प्रत्यक्ष क्रियेचे वर्णन बाबिलोनियातील विद्यापीठाचे प्रमुख हाई गाओन ह्यांनी केले आहे. त्यांचा मृत्यू इ. स. १०३८ मधला. साधकाने काही दिवस उपवास करावा, मस्तक दोन्ही गुडघ्यांमध्ये ठेवावे आणि जमिनीकडे तोंड करून ठराविक स्तोत्रे पुटपुटावीत. मग त्याला आपल्या अंतरातील दालने एकामागून एक दिसू लागतात. पद्मासनातील ताठ कण्याच्या योग्याचे चित्र डोळ्यांपुढे असणाऱ्या आपणांस हे आसन विचित्र वाटेल. पण त्यात एक भाव आहे. हा साधक स्वतःत गुरफटून, लहान होऊन राजदरबारात शिरू पाहातो.

दरबाराचे हे दर्शन थोड्यांसाठी होते. सामान्य ज्यूच्या वाट्याला आली ती रोजची प्रार्थना, आणि तिच्यासाठी एक शब्द : ‘कव्वाना’. त्याचा अर्थ रोख, मनाला दिलेली दिशा. मिश्नेतच म्हटले आहे की, पूर्वीचे भक्त प्रार्थनेपूर्वी एक तास थांबत, मन वर लावून घेत, आणि मगच तोंड उघडीत. प्रार्थनेचे शब्द ठरलेले. ते बदलण्याचा प्रश्न नाही. बदलावयाचे असते ते शब्दांमागचे मन. ज्यू ध्यानाचे हे वैशिष्ट्य आरंभीच ओळखले पाहिजे. मौनात सर्व शब्द विसर्जित करण्यापेक्षा शब्दालाच घट्ट धरून आत उतरण्याकडे त्याचा कल आहे.

शब्दाच्याही आत अक्षर. ‘सेफेर यत्सिरा’ म्हणजे ‘घडणीचा ग्रंथ’ हे एक अगदी लहान पुस्तक आहे. ईश्वराने विश्व घडवले ते बत्तीस वाटांनी, असे ते सांगते : दहा मूळ संख्या आणि हिब्रूची बावीस अक्षरे. ही अक्षरे जगात, वर्षाच्या कालचक्रात आणि मनुष्याच्या देहात सारखीच भरलेली आहेत. आपल्या तांत्रिकांनी मूलाधारापासून आज्ञाचक्रापर्यंतच्या पन्नास पाकळ्यांवर वर्णमालेची पन्नास अक्षरे मांडली, त्याची येथे आठवण होते. ह्या साम्यावरून कोणी कोणाकडून घेतले असा तर्क बांधण्याची घाई करू नये. ज्या ज्या समाजाने आपल्या धर्मवाणीचा एकेक वर्ण पवित्र मानला, तो समाज वर्णांतूनच विश्वाची उभारणी पाहू लागला, इतके म्हटले तरी पुरे.

आता आपण तेराव्या शतकात येऊ. इकडे गोदातीरी ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. त्याच्याच आगेमागे, १२८० नंतरच्या वर्षांत, स्पेनमधील कास्तील प्रांतात ‘जोहार’ हा कब्बालेचा महाग्रंथ हस्तलिखितांतून पसरू लागला. तो दुसऱ्या शतकातील रब्बी शिमोन बार योहाई ह्यांच्या नावावर आहे; आधुनिक संशोधक त्यातील बराच भाग मोशे दे लेओन ह्या कास्तिली पंडिताच्या लेखणीचा मानतात. म्हणजे नव्या ग्रंथाने जुन्या ऋषीच्या नावामागे आणि आरामी ह्या जुन्या भाषेमागे आपला चेहरा झाकून घेतला. ज्ञानदेवांनी नेमके उलट केले. संस्कृतात असलेले त्यांनी देशी भाषेत, स्वतःच्या नावाने, श्रोत्यांसमोर मांडले.

त्याच काळात स्पेनच्या सारागोसा नगरात १२४० मध्ये जन्मलेला अब्राहाम अबुलाफिया भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत भटकत होता. ज्यू ध्यानक्रियेचे सर्वांत तपशीलवार शिक्षण त्याच्या ग्रंथांत मिळते. एकांतातील खोली निवडावी, स्वच्छ आणि जमल्यास पांढरी वस्त्रे घालावीत, रात्र असेल तर पुष्कळ दिवे लावावेत. लेखणी, शाई आणि पाटी घ्यावी. मग ईश्वरनामाची अक्षरे लिहावीत, उलटावीत, फिरवावीत, एकमेकांत मिसळावीत, हृदय तापेपर्यंत. पुढील पायरीवर तीच अक्षरे नियमित श्वासाबरोबर उच्चारावयाची, आणि प्रत्येक स्वरागणिक मस्तक ठरलेल्या दिशेने हलवावयाचे. विसाव्या शतकात कब्बालेच्या इतिहासाचा शास्त्रशुद्ध पाया घालणारे गेरशोम शोलेम ह्यांना येथे योगाची आठवण झाली होती. परंतु भेदही मोठा आहे. योगी चित्त एका जागी स्थिर करू पाहातो. अबुलाफियाचा साधक अक्षरांना क्षणभरही स्थिर राहू देत नाही. त्या सततच्या फिरण्यातून त्याच्या मनाच्या गाठी सुटतात.

अबुलाफिया झाकून ठेवणाऱ्यांपैकी नव्हता. १२८० मध्ये तो थेट पोपला भेटावयास रोमकडे निघाला. पोप तिसरा निकोलस त्याच वेळी वारला म्हणून हा मनुष्य अठ्ठावीस दिवसांच्या कैदेवर सुटला. बार्सेलोनाचे श्रेष्ठ धर्मगुरू श्लोमो बेन आद्रेत ह्यांनी त्याचा कडाडून निषेध केला, आणि पुढे कित्येक शतके त्याचे ग्रंथ छापलेच गेले नाहीत. हस्तलिखितांच्या वाटेने ते साधकांच्या हाती जात राहिले. येथे विदर्भाच्या वाचकास ऋद्धपूर आठवल्यावाचून राहणार नाही. श्रीचक्रधरांनी मराठीतून सर्वांस उपदेश केला; पण पुढे त्यांच्याच अनुयायांनी पंथाचे ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. त्यामुळे पाठ शुद्ध राहिले हे खरे. त्यामुळेच पंथाविषयी समाजात गैरसमजही शतकानुशतके वाढले, हेही तितकेच खरे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे इत्यादी संशोधकांपुढे ती लिपी उघडली तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे भांडार हाती आले.

१४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर घालवले. विखुरलेल्यांपैकी काही गालिलातील सफेद ह्या डोंगरी गावात जमले. तेथे मोशे कोर्दोव्हेरो आणि त्यांच्यामागून आलेले इझ्हाक लुरिया ह्यांनी सोळाव्या शतकात ध्यानाला नवा अर्थ दिला. ईश्वराचा प्रकाश ज्या पात्रांत भरला ती फुटली, ठिणग्या जगभर विखुरल्या, आणि साधकाने आपल्या कव्वानेने एकेक ठिणगी वर न्यावयाची, असे लुरिया शिकवीत. घरदार हरवलेल्या लोकांस ही शिकवण किती भिडली असेल! आपली देशोधडी हीही आता साधनेचाच भाग ठरली. लुरिया १५७२ मध्ये अवघ्या अडतिसाव्या वर्षी गेले. त्यांनी स्वतः फारच थोडे लिहिले. शिष्य हाईम व्हिताल ह्यांनी टिपून ठेवलेली वचनेही प्रथम बाहेर जाऊ द्यावयाची नव्हती. तरी ती गेली.

आणि मग ज्याचे भय होते तेच झाले. १६६५ मध्ये शब्बताई झ्वी ह्याने स्वतःस तारणहार म्हणून जाहीर केले. लुरियाच्या विचारांनी भारलेले गावेच्या गावे त्याच्या मागे गेली, लोकांनी घरे विकली. आणि पुढच्याच वर्षी तुर्की सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. ह्या धक्क्यानंतर कुंपण अधिक उंच झाले. १७५६ मध्ये पोलंडमधील ब्रोडी येथे जमलेल्या धर्मगुरूंनी तिशीपूर्वी जोहार आणि चाळिशीपूर्वी लुरियाचे ग्रंथ वाचू नयेत असे ठरवले. गुप्ततेच्या बाजूने बोलणाऱ्यास आपण केवळ सोवळेपणाचा दोष देऊ नये, तो ह्यासाठी. त्यांनी बागेतील मढी आणि वेडे प्रत्यक्ष पाहिले होते.

परंतु त्याच पूर्व युरोपात, त्याच पिढीत, बाल शेम टोव्ह ह्यांच्यापासून हसिदी चळवळ सुरू झाली. ‘देवेकूत’, म्हणजे ईश्वरास चिकटून राहाणे, ही पंडितांची मिरास नाही; खाताना, नाचताना, धंदा करतानाही ते साधते, असे ती सांगू लागली. त्यांचे पणतू ब्रेस्लावचे रब्बी नाहमान ह्यांनी तर साधना अगदी सोपी केली. रोज एकांतात, शक्यतो रानात जावे, आणि आपल्या रोजच्या बोलीत, जसे मित्राशी बोलतो तसे, देवाशी बोलावे. शब्द सुचला नाही तर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणावा. विठ्ठलाशी भांडणाऱ्या आपल्या संतांचे अभंग ज्याच्या कानांवर आहेत, त्यास ह्या साधनेची दीक्षा वेगळी घ्यावी लागणार नाही.

ह्या सर्व घडामोडी चालू असताना आपल्या कोकणात काय होते? बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की, अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. त्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू भाषा विसरली गेली. तालमूद नाही, जोहार नाही, रब्बी नाही. उरले ते सुंता, शब्बाथ, खाण्यातील वर्ज्यावर्ज्य, आणि एकच प्रार्थना : ‘शेमा’. इस्रायलने ऐकावे, ईश्वर एकच आहे, एवढाच तिचा आशय. सुंतेस तीच, लग्नात तीच, मृत्यूच्या वेळीही तीच. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर ह्यांनी हे नमूद करून ठेवले आहे. परंपरेनुसार दाविद रहाबी नावाच्या प्रवाशाने ह्या लोकांस ज्यू म्हणून ओळखले, ते अशाच थोड्या खुणांवरून.

आणखी एक खूण त्यांनी जपली. कोकणातील बेने इस्रायल एलियाहू हन्नाबीस नवस करतात, आणि नवस फिटला की पोहे, गूळ, खोबरे व फळे ह्यांचा मलिदा करतात. एलियाहू हा अग्निरथातून सदेह स्वर्गास गेलेला संदेष्टा. अलिबाग तालुक्यातील खंडाळे गावाजवळच्या एका खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकांची खूण आहे, अशी ह्या समाजाची श्रद्धा आहे. आता गंमत पाहा. सफेदच्या कब्बालींना आपली रहस्ये कोणाकडून मिळाली, असे विचारले तर ते एलियाहूचेच नाव सांगत. तो त्यांचा अदृश्य गुरू. पंडितांनी ज्याच्याकडून गुह्य घेतले, त्याच्याकडे आमच्या तेल्यांनी मूल मागितले, आजार बरा होण्याचे दान मागितले. रथाचे ध्यान त्यांस ठाऊक नव्हते. रथाची खूण मात्र त्यांनी सोडली नाही.

ह्याच्या अगदी उलट प्रसंग पुण्यातला. लष्कर भागातील लाल देऊळ, म्हणजे १८६७ मध्ये पुरे झालेले ओहेल दाविद, पुणेकरांस परिचित आहे. ते बगदादहून आलेल्या ज्यूंनी, ससून घराण्याच्या पैशाने उभारलेले. ह्याच बगदादी समाजातील अब्राहाम डेव्हिड एझिकिएल हे पुण्यात राहात. ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद होते. जोहारमधील ‘इद्रा झुटा’ हे प्रकरण त्यांनी अरबीत उतरवले आणि १८८७ मध्ये पुण्यात हिब्रू लिपीत छापले. बगदादी ज्यूंची घरगुती भाषा अरबी. म्हणजे कब्बालेचा गाभा त्यांनी घरगुती भाषेत आणून ठेवला. बगदादचे धर्मगुरू संतापले, पुस्तकावर बहिष्कार पुकारला गेला. आणि ह्या प्रकरणाचा विषय तरी काय होता? रब्बी शिमोन मृत्युशय्येवर आहेत, आणि आजवर झाकलेले रहस्य शेवटच्या दिवशी शिष्यांपुढे उघडीत आहेत. झाकलेले उघडण्याचीच ही कथा, आणि ती उघडल्याबद्दलच शिक्षा!

ह्याच सुमारास बेने इस्रायल आपला वेगळा मार्ग चोखाळीत होते. पेसाहच्या सणाचा ‘हग्गादा’ १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह, लुगडे नेसलेल्या स्त्रियांच्या चित्रांसह छापला गेला. जोसेफ एझिकिएल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुढे अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांची आख्याने मराठी कीर्तनांतून रंगू लागली. त्यावर कोणी बहिष्कार घातला नाही. कारण त्यात गुह्य काहीच नव्हते.

आता अखेरचा प्रसंग. २० नोव्हेंबर १९३८ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात, पुढे ज्याचे नाव सेवाग्राम झाले तेथे, गांधीजींनी ज्यूंविषयी एक लेख लिहिला. जर्मनीतील ज्यूंनी सत्याग्रहाचा मार्ग धरावा असे त्यात सुचवले होते. २४ फेब्रुवारी १९३९ रोजी यरुशलेमहून त्यास उत्तर लिहिले ते मार्टिन बूबर ह्यांनी. हसिदी संतांच्या गोष्टी जर्मन भाषेत आणून जगापुढे ठेवल्या त्या ह्याच बूबरांनी. आदर असूनही ते पत्र कठोर आहे. छळछावणीचा अर्थ दूरच्या मनुष्यास कळलेला नाही, हे बूबर स्पष्ट सांगतात. त्या पत्राला सेगावहून उत्तर गेल्याचे आढळत नाही. पुढे शोलेम ह्यांनी बूबरांवरही एक आक्षेप घेतला : तुम्ही हसिदांच्या गोष्टी वाटल्या, त्यांची कठीण साधना आणि तिचे शास्त्र मागे ठेवले. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. वाटल्याने काही गळते, तसे झाकल्याने काही कुजते.

मग टिकते ते काय? ह्याचे उत्तर मला त्या बागेतून सुखरूप परतलेल्या अकिवाच्या मृत्यूत दिसते. रोमन अधिकाऱ्यांनी लोखंडी दाताळ्यांनी त्याचे मांस ओरबाडले. तेव्हा शेमा म्हणण्याची वेळ झाली होती. ज्याने रथाचे रहस्य पाहिले होते, त्या मनुष्याने त्या घडीस कोणतीही गुप्त नामावली जपली नाही. लहान मुलासही पाठ असलेले तेच एक वाक्य त्याने म्हटले, आणि ‘एक’ ह्या अर्थाचा शेवटचा शब्द लांबवीत प्राण सोडला. तो शब्द लांबवताना वर, खाली आणि चारी दिशांस त्या एकाचेच राज्य मनात आणावे, असे तालमूद सांगते. म्हणजे कब्बालेचे सगळे ध्यान एका श्वासात मावते.

कोकणच्या तेल्यांनी बाकी सर्व गमावून राखले ते नेमके हेच वाक्य. त्यांनी बागेत कधी पाऊल टाकले नाही. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक घरे इस्रायलात गेली, आणि कोकणातल्या कित्येक गावांत आता देवळाची किल्ली सांभाळणारे एखाददुसरे कुटुंब उरले आहे. ग्रंथ ज्यांनी शतकानुशतके कुलुपात ठेवले त्यांच्याविषयी अनादर न बाळगता एवढे म्हणता येते की, त्या कुटुंबाच्या दारावर लावलेल्या मेझुझात, चर्मपत्राच्या लहानशा गुंडाळीवर, आजही त्याच वाक्याची अक्षरे आहेत. आणि घरातील म्हातारी बाहेर पडताना तिला बोटे लावून ती ओठांस नेते, तेव्हा तिला त्यासाठी कोणाच्या अनुज्ञेची गरज पडत नाही.